ओलं आहे तोवर

फोन आला तेव्हा मी गॅलरीतल्या मनीप्लांटची पानं ओल्या फडक्याने पुसत होते. शारजात हे काम कधी संपत नाही, आज पुसावं तर उद्या पुन्हा धूळ. "मी पेणहून बोलतेय, म्हात्र्यांची वैशाली," पलीकडून आवाज आला, आणि पुढचं वाक्य तिने बोलण्याआधीच मला कळलं. मोरेश्वर म्हात्रे, आमचे म्हात्रेकाका, आदल्या दिवशी दुपारी जेवून पडवीत आडवे झाले होते ते उठलेच नाहीत. त्रास काही झाला नाही, असं ती दोन-तीनदा म्हणाली. मी हूं हूं करत राहिले. फोन ठेवला आणि उरलेली पानं पुसून काढली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना... या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. त्या माणसाने मला जे दिलं त्याची पोच मी त्याला कधी धडपणे दिली नाही. तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत लग्न करून मी पुण्याहून शारजाला आले. नवरा दुबईतल्या बँकेत. मी ड्रॉइंगचा डिप्लोमा घेऊन सहा महिने घरात भिंतींकडे बघत बसले आणि मग औद्योगिक क्षेत्रातल्या एका जिप्सम वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन म्हणून लागले. मालक कर्णिकसाहेब, मूळचे दादरचे. बंगल्यांच्या छतांना, मशिदींच्या कमानींना, श्रीमंतांच्या मजलिसना, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या दालनांना, लागणारं नक्षीकाम आम्ही प्लास्टरमध्ये करायचो. एका बाजूला गाड्यांचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला लोखंडाची कापाकापी, आणि मधल्या शेडमध्ये आम्ही सगळे पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे पांढरे. कोरीवकामाचे मुख्य कारागीर म्हणजे म्हात्रेकाका. पठाण आणि मलबारी कामगार त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. पन्नाशीचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत पॅंट दुमडलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरकडे बघून विचारलं, "ह्या तुज्या टीव्हीवर रेघ सरळ येते, ती हाताला शिकवतेस काय गो बाय?" मला राग आला होता. पुढे त्यांनी मला दोरी आणि खिळा एवढ्यावर दहा टोकांची चांदणी काढायला शिकवली, तेव्हा राग गेला. कॉम्प्युटरवर ती चांदणी मी आजही आधी मनात दोरीनेच काढते.

काका पेणचे. तीन पिढ्यांचा गणपतीचा कारखाना. मग धाकट्या भावाने रबराचे साचे आणले, एका साच्यातून शंभर मूर्ती निघायला लागल्या, आणि हाताने सोंडेचं वळण काढणाऱ्या थोरल्या भावाला कारखान्यात बसायला जागा उरली नाही. भांडण झालं. काका रागाच्या भरात एजंटला भेटले आणि थेट इथे आले. "थय माज्या हाताला काम नाय," एवढंच सांगायचे. घरी बायको, मुलगी वैशाली, सगळं होतं, पण परत जाण्याचा विषय निघाला की तोंड कडू व्हायचं.

इथे त्यांना जे काम मिळालं त्यात देव नाही, माणूस नाही, साधी चिमणीसुद्धा नाही. आयुष्यभर चेहरे घडवलेला माणूस, त्याला पानं, वेली आणि चांदण्या दिल्या. मी एकदा विचारलं, चुकल्याचुकल्यासारखं वाटत नाही का? ते जुन्या नक्षीचा एक फोटो घेऊन आले. वेलीचं एक टोक बोटाने धरलं आणि म्हणाले, हिचं दुसरं टोक दाखव. मी पाच मिनिटं वेलीतून फिरत राहिले आणि पुन्हा त्यांच्या बोटापाशी आले. "बगितलंस? मूर्ती समोर येते नि उभी ऱ्हाते. ही उभी ऱ्हात नाय. पण रिकामी जागा हिलापण सोसत नाय." कोणा पाहुण्याने एकदा आपली माहिती ऐकवली की हे जुने कारागीर नक्षीत मुद्दाम एक चूक ठेवायचे, कारण परिपूर्ण फक्त परमेश्वर. काका गंभीरपणे मान डोलावत ऐकत होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "मुद्दाम कशाला ठेवायला हवी? संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी चार दाखवल्या असत्या."

दर वर्षी गणपतीच्या आधी ते आमच्यासाठी वीतभर शाडूची मूर्ती करायचे. माती त्यांची बायको कोणाबरोबर तरी पाठवायची. मूर्ती रंगवून घरी आणायचे, पण डोळे कोरे. चतुर्थीच्या सकाळी आंघोळ करून, अनवाणी, आमच्या फ्लॅटच्या पूर्वेकडच्या खिडकीपाशी बसायचे. आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे. पाच-सात मिनिटांनी हाक यायची, "या." आत गेलं की मूर्ती आपल्याकडे बघत असायची. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती घरातल्या मोठ्या हाताने, हा त्यांच्याकडचा नेम. पहिल्या वर्षी त्या खोलीत शिरले तेव्हा मला रडू आलं होतं. आईवडिलांपासून लांब पहिलाच गणपती होता आणि कोणीतरी आपल्याला ओळखल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी, गणपती होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा अबुधाबीचं काम आलं. एका बुजुर्ग अमिराती गृहस्थांना आपल्या मजलिसच्या भिंतींना खांद्याच्या उंचीपर्यंत जुन्या पद्धतीची नक्षी हवी होती. नुसती जुनी नाही, हजार-अकराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या घरांच्या भिंतींवर कोरत तशी, खोल कोरलेली द्राक्षवेल. त्यांचे सल्लागार होते अबू करीम नावाचे एक इराकी चित्रकला शिक्षक. मोडक्या भिंतींचे कृष्णधवल फोटो त्यांनी स्वतः तरुणपणी काढलेले. ते फोटो मी तासन् तास बघत असे. चौकटीत गोल वळणारी वेल, प्रत्येक वळणात एक पाच पाळ्यांचं, पंजासारखं पान, आणि पानाच्या पाळ्या जिथे मिळतात तिथे गोल, खोल छिद्रं. त्या छिद्रांत सावली बसते आणि पांढरी भिंत उठून दिसते. बत्तीस पॅनल करायचे होते.

अबू करीमनी फोनवर मला कामाचा क्रम सांगितला आणि मी तो शीटवर इंग्रजीत लिहून घेतला. चौथी ओळ होती, छिद्रं प्लास्टर ओलं असतानाच पाडायची. मी फोटो घेऊन काकांकडे गेले. त्यांनी चष्मा वर केला, फोटो नाकाशी धरला, आणि त्यांचं बोट एका पानाच्या मधल्या दोन छिद्रांवर जाऊन थांबलं.

"हे बगतंय," ते म्हणाले.

मीही पाहिलं. आणि खरंच, ते पान आमच्याकडे बघत होतं. एकदा दिसल्यावर मग सगळीच पानं बघायला लागली.

"हे शेवटी करायचं. सगळं काम पुरं झालं की. मी करीन, दुसऱ्या कोणी हात नाय लावायचा."

इथे माझं काम एवढंच होतं की म्हणावं, काका, तसं नाही, अबू करीमनी वेगळं सांगितलंय. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण मला आठवली आमच्या खिडकीतली ती सकाळ. वाटलं, किती छान, इतक्या लांबच्या, इतक्या जुन्या नक्षीला आपल्या पेणचा नेम... आणि खरं सांगायचं तर मला काकांच्या मर्जीत राहायचं होतं. मी टेबलावर परत आले, खोडरबराने चौथी ओळ खोडली आणि तीच शेवटी नवव्या नंबरवर लिहिली, 'ओलं असताना' हे शब्द गाळून. शीट फळ्यावर लावली. मला त्या वेळी ही चूक वाटलीसुद्धा नाही, उलट आपण काहीतरी नाजूक, सुंदर केलं असं वाटत होतं.

पाच आठवड्यांत वेली झाल्या, पानं झाली. एका शनिवारी सकाळी काका धुतलेला पांढरा शर्ट घालून आले, शेडच्या दाराशी चपला काढल्या आणि पहिल्या पॅनलसमोर गिरमिट घेऊन बसले. आम्ही सगळे मागे उभे. गिरमिट फिरलं, पांढरी भुकटी पडली, आणि 'टक्' असा बारीक आवाज आला. दोन छिद्रांमधली नाजूक पट्टी तुटून अर्धं पान खाली पडलं. काकांनी दुसरं पान घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्या पॅनलपर्यंत गेले आणि मग त्यांनी गिरमिट जमिनीवर ठेवलं. पाच आठवडे वाळवंटाच्या हवेत बत्तीसच्या बत्तीस पॅनल खडखडीत वाळले होते.

अकराच्या सुमाराला कर्णिकसाहेब अबू करीमना काम दाखवायला घेऊन आले. म्हाताऱ्याने पानावर नख ओढलं, ओरखडासुद्धा उठला नाही. "याबिस," ते म्हणाले. सुकलं. मग इंग्रजीत म्हणाले, मी तर ऑफिसला सांगितलं होतं, ओलं असताना. साहेबांनी फळ्यावरची शीट ओढून काढली.

"इथे तर ड्रिलिंग लास्ट लिहिलंय. हा सीक्वेन्स कोणी ठरवला?"

मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. तोंड उघडायला किती वेळ लागतो... तीन शब्द, मी खोडलं साहेब. ते तीन शब्द आले नाहीत.

"मी ठरवला," काका म्हणाले. "ह्या बायनं सांगितलंन होतं. मीच ऐकलं नाय."

साहेब ओरडणारे नव्हते, ते हळू बोलायचे आणि त्याचीच जास्त भीती वाटायची. म्हणाले, "म्हात्रे, बारा दिवस आहेत. बत्तीस पॅनल पुन्हा. जमत नसेल तर आत्ताच सांगा, तुमचा व्हिसा कॅन्सल करतो आणि सिरियाहून माणूस आणतो. मग खलास."

काकांनी मान डोलावली, जमेल म्हणून. व्हिसा जाणं म्हणजे पेण, आणि पेण म्हणजे भावाच्या कारखान्यातल्या रबरी साच्यांकडे बघत बसणं, हे त्या शेडमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

कोणीतरी सुचवलं, वाळलेले पॅनलच भिजवू. काका म्हणाले, मेलेलं प्लास्टर भिजवून जिवंत होत नाय, वरचं पीठ होतं नि आत दगड ऱ्हातो. नवं ओतायला घेतलं. अबू करीम घरी गेले नाहीत. कोट काढून, बाह्या दुमडून ते काकांच्या शेजारी पाटावर बसले. एकाला मराठी आणि मोडकी हिंदी, दुसऱ्याला अरबी आणि थोडं इंग्रजी. मध्ये दुभाषा म्हणून मी होते, पण तासाभरात त्यांना माझी गरज उरली नाही. म्हातारा ओल्या प्लास्टरवर बोट ठेवून म्हणायचा, "नाऊ." काका मान हलवायचे, "नाय." पान पुरं झाल्याशिवाय छिद्र पाडायला त्यांचा हात धजत नव्हता. "श्वय श्वय," अबू करीम म्हणायचे, हळूहळू. पण प्लास्टर हळूहळू थांबत नाही. पहिला दिवस असाच गेला, दोन पॅनल फुकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कांद्याची चार रिकामी पोती खांद्यावर टाकून आले. शाडूची मूर्ती अर्धवट राहिली की पेणला ती ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवतात, म्हणजे माती आठवडाभर मऊ राहते. पोरवयापासून केलेली ही गोष्ट, पण प्लास्टर म्हणजे प्लास्टर आणि माती म्हणजे माती, या दोघांची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती. जिथे कोरायचं तेवढाच भाग उघडा, बाकी सगळं ओल्या पोत्याखाली. अबू करीमनी पोतं उचलून खाली नख लावलं आणि मोठ्याने हसले. आमच्याकडेही एक म्हातारा असाच फडकी घेऊन बसायचा, ते म्हणाले, मी लहानपणी त्याला हसायचो. मग पोतं पुन्हा नीट झाकलं. त्यांनी फोटो काढलेल्या भिंतींपैकी आता किती उभ्या आहेत ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पुढचे दिवस मी पहाटेच्या बसने यायला लागले. कामगार येण्याआधी इस्त्रीला पाणी मारायच्या बाटलीने एकेक पोतं भिजवायचे. बत्तीस पॅनल, त्यात तासभर जायचा. कोणी मला सांगितलं नव्हतं. साहेबांच्या केबिनच्या दाराशी मी दोनदा गेले आणि दोनदा परत फिरले. आज सांगू, काम पुरं झाल्यावर सांगू... भित्र्या माणसाकडे मुहूर्तांना तोटा नसतो.

अकराव्या दिवशी सगळी पानं पुरी झाली, आणि ओली. काका पुन्हा पांढरा शर्ट घालून आले, पुन्हा दाराशी चपला काढल्या. अबू करीमनी त्यांच्याकडे पाहिलं, काही न विचारता स्वतःचेही बूट काढले. ते पोत्याचा कोपरा वर उचलायचे, झोपलेल्या मुलाच्या तोंडावरचं पांघरूण काढावं तसा, आणि काका गिरमिट टेकवायचे. भुकटी नाही, ओला गाळ निघत होता. एकही पान तुटलं नाही. बाराव्या दिवशी दुपारी कर्णिकसाहेब पॅनलांच्या रांगेतून एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "चला, लोड करा, यल्ला." व्हिसाचं नाव पुन्हा निघालं नाही. अबुधाबीला पॅनल भिंतीवर चढले तेव्हा काकांबरोबर मीही गेले होते. त्या बुजुर्गांनी भिंतीवर तळहात ठेवला आणि वेलीवरून चालत चालत सगळी खोली फिरून आले. काकांना बिलगून त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. काका इतके गोंधळले की वाकून नमस्कारच करायला लागले.

त्यानंतर काका सहा वर्षं होते. माझी सानिका झाली तेव्हा पाळण्याला टांगायला त्यांनी प्लास्टरची द्राक्षं करून आणली, आणि ती इतकी जड होती की आम्ही ती दाराला टांगली. मी खूप शिकले त्यांच्याकडून. माझी नंतरची बरी म्हणावी अशी सगळी कामं त्या पाटाशेजारी बसून शिकलेल्या गोष्टींवर उभी आहेत. कधीतरी सांगायचं, असं मनात धरून सहा वर्षं निघून गेली.

गुडघे गेले तेव्हा त्यांनी परत जायचं ठरवलं. भावाशी वैशालीच्या लग्नात समेट झाला होता. निघायच्या दिवशी दुपारी आमच्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून ओल्या पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि ओट्यावर ठेवलं. पाच पाळ्यांचं एक पान, तळहाताएवढं. छिद्रं नव्हती. शेजारी त्यांचं गिरमिट.

"डोळे तू कर," म्हणाले. "ओलं हाय तवर. आज सांजच्या आत."

मी म्हटलं, काका, मला नाही जमणार, हा मान मोठ्या हाताचा. ते हसले. आणि मग चहाबद्दल बोलावं तितक्या सहज म्हणाले, "त्या कागदावर चौथ्या ओळीत खोडलेलं दिसत होतं गो. मला इंग्लिश येत नाय, पण खोडलेली जागा कळते. जनम गेला की त्यात."

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. म्हणजे साहेबांनी शीट ओढली त्याच क्षणी त्यांना... मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ दे. पहाटे येऊन गोणपाटं भिजवायचीस, तेच बोलणं झालं."

मग सानिकाच्या गालाला हात लावला आणि गेले. खालून टॅक्सीचा हॉर्न येत होता.

त्या संध्याकाळी मी आंघोळ केली, अनवाणी ओट्यापाशी उभी राहिले आणि छिद्रं पाडली. उजवं छिद्र डाव्यापेक्षा थोडं खाली उतरलं. पान तुटलं नाही, पण तिरकं बघायला लागलं. त्यानंतर दर गणपतीला काकांचा फोन यायचा, दर वेळी विचारायचे, पान कसं हाय? मी म्हणायचे, छान आहे. तिरकं झालंय हे त्यांनाही सांगितलं नाही.

पान हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीशेजारी खिळ्याला लावलेलं आहे. वैशालीचा फोन आला त्या दिवशी गॅलरीतली पानं पुसून झाल्यावर मी तेही खाली उतरवलं आणि कोरड्या फडक्याने पुसायला बसले. सानिका शाळेतून आली. आठ वर्षांची आहे, सगळं इंग्रजीत बोलते. माझ्या खांद्यावरून वाकून तिने त्या खालच्या छिद्रात बोट घातलं.

"आई, धिस वन इज राँग. म्हात्रेआजोबा डिड इट?"

मी हो म्हणू शकले असते. म्हात्रेकाकांनी नक्कीच चालवून घेतलं असतं, त्यांनी एकदा चालवून घेतलंच होतं.

"नाही," मी म्हटलं. "आजोबांनी नाही. ते मी केलंय. चूक माझी आहे."

"ओके," म्हणाली, आणि सायकलची किल्ली घेऊन खाली पळाली. मी पान पुन्हा खिळ्याला लावलं.